‘थांबा’ कुणी म्हणायचं होतं?

प्रश्न : मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचं काम केलं. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात झालेल्या तेलगळतीच्या निकालाबद्दल वाचलं आणि आकडे पटेनात. न्यायालयानं विहिरीची मालक असलेल्या बीपीचा दोष ६७ टक्के धरला, ट्रान्सओशनचा ३० आणि हॅलिबर्टनचा ३. पण रिग, म्हणजे खोदकामाचं तरंगतं व्यासपीठ, ट्रान्सओशनची, तिच्यावरची बहुतेक माणसं ट्रान्सओशनची, सिमेंट हॅलिबर्टनचं, विहीर उसळली तर ती बंद करणारं समुद्रतळावरचं यंत्र, ब्लोआउट प्रिव्हेंटर, कॅमेरॉन कंपनीचं. ज्यांच्या हातून काम झालं त्यांच्यावर एक तृतीयांश आणि ज्यांची तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती त्यांच्यावर दोन तृतीयांश, हे कसं? परवानगी देणारं सरकार तर या हिशेबात कुठेच नाही. तुम्ही रिगवर होतात म्हणून विचारतो, अशा गळतीची खरी जबाबदारी कुणाची?

उत्तर : तुम्ही हात मोजलेत. मी २३ वर्षं रिगवर मड इंजिनिअर होतो. तिथे जबाबदारी शोधायची तर हात मोजून भागत नाही; ‘आता पुढचं काम घ्या’ असं कुणी सांगितलं, ते शोधावं लागतं. सिमेंटवाला सिमेंट कालवतो, माझ्यासारखा माणूस मडची, म्हणजे विहिरीत भरलेल्या जड द्रवाची, घनता सांभाळतो, ड्रिलर यंत्रापाशी असतो. पण केसिंग, म्हणजे विहिरीला आतून लावायचा पोलादी नळ, कुठपर्यंत उतरवायचं, सिमेंट किती ओतायचं, कोणती चाचणी घ्यायची आणि कोणती गाळायची, हे विहिरीच्या मालक कंपनीच्या किनाऱ्यावरच्या कार्यालयात ठरतं. रिगवर ते करून घेतो तिचा प्रतिनिधी. आम्ही त्याला ‘कंपनी मॅन’ म्हणायचो. त्याच्या बाजूची माणसं दोन-चारच असतात, पण त्याच्या होकाराशिवाय पान हलत नाही.

त्या दिवशी काय झालं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमचे ६७ टक्के त्यातच आहेत.

मॅकोंडो ही विहीर लुइझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटरवर होती. वर जवळजवळ १,५०० मीटर पाणी आणि समुद्रतळाखाली आणखी सुमारे ४,००० मीटर खोदकाम. इतक्या खोल तेल आणि वायू प्रचंड दाबाखाली असतात. खोदताना त्यांना दाबून धरतं ते हे मुद्दाम जड केलेलं मड. खोदकाम संपलं, विहीर तात्पुरती बंद करून रिग दुसरीकडे न्यायची, तर मड काढून घ्यावं लागतं. मग तो सगळा दाब तळाशी भरलेल्या सिमेंटनं पेलायचा असतो. ते पेलतंय का, हे पाहण्यासाठी निगेटिव्ह प्रेशर टेस्ट घेतात. वरच्या भागात मडच्या जागी हलकं समुद्राचं पाणी भरायचं, साठलेला दाब सोडून द्यायचा आणि वाट बघायची. दाब शून्यावर राहिला तर सिमेंट पक्कं. परत चढला तर खालून काहीतरी आत येतंय. नळ घट्ट बंद केल्यावरही बादली भरत राहिली तर दोष नळात आहे हे कुणालाही कळतं, तितकी ही साधी गोष्ट आहे.

२० एप्रिल २०१०च्या संध्याकाळी ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब दिसत होता. बाजूच्या किल लाइनवर, म्हणजे विहिरीकडे जाणाऱ्या दुसऱ्या नळीवर, मात्र प्रवाह नव्हता. ‘ब्लॅडर इफेक्ट’ नावाचं एक स्पष्टीकरण पुढे आलं : वरच्या जड मडचा भार रबरी झडपेतून खाली उतरतो म्हणून पाइपवर दाब दिसतो. याला शास्त्रीय आधार काही नव्हता. तरी किल लाइनवरचं शून्य खरं धरलं गेलं, १,४०० बाजूला पडले आणि चाचणी उत्तीर्ण ठरली.

यानंतरचा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रात्री ८ वाजून ५२ मिनिटांनी रिगवरचा कंपनी मॅन किनाऱ्यावरच्या बीपीच्या इंजिनिअरशी फोनवर बोलला. चाचणीचा विषय निघाला. चाचणी नीट जुळवलेली असेल तर एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला १,४०० असं होऊ शकत नाही, हे किनाऱ्यावरच्या माणसाला समजलं आणि तो तसं बोललाही. रिगवरच्या माणसानं आपलं समाधान झाल्याचं सांगितलं. फोन ठेवला गेला. काम चालू राहिलं. पावणेदहाच्या सुमारास मड रिगवर उसळलं, मागोमाग वायू आला आणि स्फोट झाला. रिगवर १२६ माणसं होती. ११ जणांचे देह कधीच सापडले नाहीत.

न्यायाधीश कार्ल बार्बिए यांनी सप्टेंबर २०१४च्या निकालात बीपीला निव्वळ हलगर्जी नव्हे तर घोर हलगर्जी आणि जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन ठरवलं, त्यात या फोनला मोठं स्थान आहे. ज्याला समजलं होतं आणि ज्याच्या एका शब्दानं काम थांबलं असतं, त्या दोघांचा मालक एकच होता. त्याच दिवशी सकाळी सिमेंटचा लॉग घेणारी, म्हणजे ते नीट बसलंय का हे उपकरणानं तपासणारी, श्लंबर्जे कंपनीची माणसं लॉग न घेताच परत पाठवली होती. तो खर्च सव्वा लाख डॉलरच्या घरातला. लॉग घेतला असता तर अपघात नक्की टळला असता, असं मी म्हणणार नाही. पण विहिरीचं काम ४३ दिवस लांबलं होतं आणि रिगचं भाडं रोजचं पाच लाख डॉलरहून जास्त होतं. हे माहीत असलं की लॉगवाल्यांना घरी पाठवणारा माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो.

बाकीच्यांना मी मोकळं सोडत नाही. चाचणीला मान डोलावणाऱ्यांत ट्रान्सओशनची माणसंही होती. त्यानंतर जवळजवळ पाऊण तास विहिरीतून जास्तीचं मड येत असल्याच्या खुणा पडद्यावर उमटत होत्या, त्या त्यांनी ओळखल्या नाहीत. मड वर आल्यावर प्रवाह थेट समुद्रात सोडायचा, तो मड आणि वायू वेगळे करणाऱ्या सेपरेटरकडे वळवला आणि वायू रिगभर पसरला. हॅलिबर्टनच्या प्रयोगशाळेत फेब्रुवारीतच त्या नायट्रोजन मिसळलेल्या सिमेंटच्या मिश्रणाची चाचणी बिघडली होती. तिच्या वाट्याला ३ टक्केच आले, हे मला कमी वाटतं. ब्लोआउट प्रिव्हेंटरमधली पाइप कापणारी पाती वेळेवर काम करू शकली नाहीत, कारण दाबानं पाइप वाकून पात्यांच्या मध्यापासून बाजूला सरकला होता.

आता माझ्या एका रात्रीचं सांगतो. उत्तररात्रीची पाळी होती. मडच्या टाकीची पातळी सहा-सात पिंपांनी वाढलेली दिसली. विहिरीत जेवढं मड जातं तेवढंच परत यायला हवं. पण त्या रात्री समुद्र खवळलेला होता, रिग डोलत होती, शिवाय तासाभरापूर्वीच एका टाकीतून दुसरीत मड वळवलं होतं. वाढ समजावून सांगायला कारणं हवी तेवढी होती. कंपनी मॅननं विचारलं, ‘मड ठीक?’ पंप बंद करा, दहा मिनिटं विहिरीतून काही येतंय का बघू, एवढंच मला म्हणायचं होतं. काम रेंगाळल्यावरून संध्याकाळीच सगळ्यांनी बोलणी खाल्ली होती. मी ‘ठीक’ म्हणालो. पहाटे वायू वर आला. ड्रिलर जागा होता, त्यानं वेळेत विहीर बंद केली, मड जड करून आम्ही तो वायू बाहेर काढला. कुणाला खरचटलंही नाही. त्या दिवसाच्या अहवालात माझा ‘ठीक’ कुठेच नाही.

काम थांबवण्याच्या अधिकाराचं कार्ड तेव्हा माझ्या खिशात होतं. आता बहुतेक रिगवर प्रत्येकाला ते मिळतं. पण ठेकेदाराच्या माणसानं काम थांबवलं तर पुढच्या विहिरीला आपल्या कंपनीला बोलावतील का, हा विचार त्याच्या डोक्यात आधी येतो. मालक कंपनीनं थांबवलं तर तिचे फक्त पैसे जातात. तेल मिळालं तर तेही तिचंच. म्हणून ज्याच्या नावावर उशिराचं बिल फाटतं, त्याच्याच नावावर गळतीचं बिल फाटलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. जबाबदारी ठेकेदारांमध्ये वाटत गेलं की घाई करायला लावणारा सुटतो.

तुम्ही हिशेबातले, म्हणून आणखी एक सांगतो. निकालातले टक्के आणि प्रत्यक्षात पैसे कुणी भरले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या धंद्यातल्या करारांत आधीच लिहिलेलं असतं की रिगवरून, पाण्याच्या वर सांडलेल्याची जबाबदारी रिगमालकाची आणि विहिरीतून आलेल्याची विहीरमालकाची. बीपी आणि ट्रान्सओशनच्या करारात तेच होतं. २०१२ साली बार्बिए यांनी तो करार भरपाईपुरता ग्राह्य धरला. म्हणजे मच्छीमार आणि हॉटेलवाले यांच्या नुकसानीचा, विहिरीच्या तेलापुरता, ट्रान्सओशनचा भार करारानं बीपीकडेच गेला. सरकारी दंड मात्र असा दुसऱ्यावर ढकलता येत नाही; ट्रान्सओशनला १४० कोटी डॉलर स्वतः भरावे लागले. विहिरीत बीपीचा हिस्सा ६५ टक्के होता, अॅनाडार्कोचा २५ आणि मोएक्सचा १०. या दोघी भागीदार रोजच्या कामात नव्हत्या. तरी अॅनाडार्कोनं बीपीला ४०० कोटी डॉलर दिले आणि मालकीहक्कापोटी न्यायालयानं तिला १५ कोटी ९५ लाखांचा वेगळा दंडही केला. नफ्यात भागी असेल तर नुकसानीत का नको? हा दंड मला मनापासून पटला.

कायद्याची एक बाजू मात्र डोळे उघडणारी आहे. एक्झॉन वाल्डीझ या टँकरच्या १९८९च्या अपघातानंतर अमेरिकेनं १९९० साली तेलप्रदूषणाचा कायदा केला. त्यात समुद्रातल्या विहिरीसाठी सफाईचा खर्च अमर्याद, पण बाकी नुकसानीची भरपाई साडेसात कोटी डॉलरपर्यंतच, अशी मर्यादा होती. घोर हलगर्जी किंवा सरकारी नियमाचा भंग सिद्ध झाला तरच ती उठते. बीपीनं मर्यादा आपणहून सोडली आणि २,००० कोटींचा निधी उभा केला, कारण सगळं जग बघत होतं. शेवटी तिचा एकूण खर्च ६,५०० कोटी डॉलरच्या आसपास गेला. छोटी कंपनी असती तर ती दिवाळखोरीत निघाली असती आणि बिल जनतेच्या गळ्यात पडलं असतं. २०१४ साली ती मर्यादा वाढवून १३ कोटी ३६ लाख ५० हजार केली. एवढ्यानं काय होणार होतं?

आणि सरकार. तुमची ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. मिनरल्स मॅनेजमेंट सर्व्हिस हे खातं एकीकडे समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी गोळा करायचं आणि दुसरीकडे त्याच कंपन्यांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवायचं. मॅकोंडोला सविस्तर पर्यावरण तपासणीतून सूट याच खात्यानं दिली. ज्या निगेटिव्ह चाचणीवर ११ जणांचे प्राण टांगलेले होते, ती घ्यायलाच हवी असा नियम नव्हता, कशी घ्यायची हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. बीपीच्या गळतीच्या वेळच्या आराखड्यात वॉलरसच्या रक्षणाचा उल्लेख होता. वॉलरस उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातला प्राणी, मेक्सिकोच्या आखातात तो नसतो. दुसरीकडचा आराखडा उचलून आणला आणि खात्यानं न वाचता शिक्का मारला, याशिवाय दुसरा अर्थ मला लागत नाही. या अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगानं जानेवारी २०११मध्ये मुळाशी असलेले दोष एका कंपनीचे नसून सगळ्या व्यवस्थेचे आहेत असं म्हटलं. ऑक्टोबर २०११पर्यंत खातं मोडून रॉयल्टी, परवाने आणि सुरक्षा अशा तीन वेगळ्या संस्था झाल्या. ब्लोआउट प्रिव्हेंटर आणि विहिरीच्या नियंत्रणाचे कडक नियम यायला २०१६ उजाडलं, आणि २०१९मध्ये त्यातले काही सैल केले गेले. देखरेख करणाऱ्या खात्यावर टक्के लावणारं न्यायालय नाही, म्हणून ते तुमच्या हिशेबात दिसत नाही. माझ्या हिशेबात ते बीपीच्या खालोखाल आहे.

प्रश्न : विहीर एका देशाची आणि तेल दुसऱ्या देशाच्या किनाऱ्याला लागलं, तर भरपाई कोण देतं? जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहेत असं ऐकलं आहे.

उत्तर : जहाजांसाठी आहेत. १९६७ साली टॉरी कॅनियन टँकर ब्रिटनजवळ खडकावर फुटला आणि दोन वर्षांत करार झाला : टँकरचा मालक, दोष सिद्ध होवो न होवो, भरपाईला बांधील. त्यावरची रक्कम तेल आयात करणाऱ्यांच्या निधीतून येते. समुद्रातल्या विहिरींसाठी असा जगाचा करार आजही नाही. जहाज बंदरोबंदरी फिरतं म्हणून सगळे देश एकत्र बसले. विहीर आपल्या हद्दीत एका जागी असते, मग दुसऱ्यांनी कशाला बोलायचं, असं प्रत्येक तेलवाल्या देशाला वाटतं. तेल मात्र हद्द ओळखत नाही.

जून १९७९मध्ये मेक्सिकोच्या काम्पेचे उपसागरात इक्सटॉक-१ विहीर फुटली आणि मार्च १९८०पर्यंत वाहत राहिली. तेल टेक्ससच्या किनाऱ्याला लागलं. विहीर पेमेक्स या मेक्सिकोच्या सरकारी कंपनीची, आणि ती सार्वभौम असल्याचं कारण पुढे करून अमेरिकेतल्या दाव्यांचे पैसे देईना.

ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतली माँटारा विहीर तिमोर समुद्रात २१ ऑगस्ट २००९ला फुटली आणि ७४ दिवस वाहिली. कारण ओळखीचंच : विहिरीच्या तळाचं सिमेंट नीट बसलं नव्हतं आणि ते कुणी धड तपासलं नाही. सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानं कंपनीला, म्हणजे थायलंडच्या पीटीटीईपीच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेला, दोषी धरलंच, शिवाय देखरेख करणाऱ्या सरकारी विभागालाही ढिसाळ ठरवलं. दंड झाला ५ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. पलीकडे इंडोनेशियात पूर्व नुसा तेंगारा प्रांतात समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्या माणसांचं पीक पांढरं पडून मेलं. कंपनी म्हणत राहिली की तेल तिथवर पोचलंच नाही. १५,००० हून अधिक शेतकऱ्यांनी सिडनीच्या न्यायालयात सामूहिक दावा लावला, २०२१मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि २०२२च्या शेवटी १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. तेरा वर्षं. शेवाळाचं पीक दीड-दोन महिन्यांत हाती येतं, आणि त्याच्या नुकसानीचे पैसे यायला तेरा वर्षं लागली. त्या दाव्यामागे स्थानिक कार्यकर्ते आणि वकील चिकाटीनं उभे राहिले नसते तर एक पैसाही मिळाला नसता.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. ११ माणसं गेली, कंपनीनं गुन्हा कबूल केला, मग तुरुंगात कुणीच कसं नाही?

उत्तर : बाळ, हा प्रश्न त्या ११ घरांनीही विचारला.

बीपीनं नोव्हेंबर २०१२मध्ये १४ गुन्हे मान्य केले. ११ मृत्यूंचे ११ त्यातच होते. किती तेल वाहतंय याबद्दल अमेरिकी काँग्रेसची दिशाभूल केल्याचाही एक होता. पहिल्या दिवसांत रोज १,००० पिंपं, मग ५,००० असे आकडे सांगितले गेले होते. सरकारी शास्त्रज्ञांचा अंदाज पुढे सुरुवातीला रोज ६२,००० पर्यंत गेला. या कबुलीपोटी ४०० कोटी डॉलर भरले गेले. कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही.

माणसांपैकी मनुष्यवधाचे आरोप लागले ते फक्त रिगवरच्या दोन कंपनी मॅनवर. २०१५च्या शेवटी ते मागे घेतले गेले. एक जण पुढे निर्दोष सुटला. दुसऱ्यानं प्रदूषणाचा किरकोळ गुन्हा कबूल केला, त्याला काही महिन्यांची देखरेख (प्रोबेशन) आणि समाजसेवा एवढी शिक्षा झाली. किनाऱ्यावर बसून वेळापत्रक आखणाऱ्या एकाही अधिकाऱ्यावर त्या मृत्यूंसाठी खटला भरला गेला नाही.

ते दोघे तुरुंगात गेले असते तर मला बरं वाटलं असतं का, याचं उत्तर मी बरेच दिवस शोधलं. नसतं वाटलं. चाचणीचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला, ती चूक भयंकर होती. पण ४३ दिवसांच्या उशिराचं ओझं रिगवरच्या दोघांच्या खांद्यावर कुणी ठेवलं? त्यांच्या वरच्यांपैकी कुणी एकदा तरी लेखी कळवलं का, की चाचणीत शंका आली तर हवे तेवढे दिवस घ्या? तू वकील झालीस आणि असा खटला तुझ्याकडे आला, तर स्फोटाच्या दिवसापासून सुरुवात करू नकोस. त्याआधीच्या तीन महिन्यांतले उशीर आणि खर्चाबद्दलचे सगळे ईमेल मागव. कुणाच्या सहीनं काय गाळलं ते त्यात सापडेल.